प्रार्थनेला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

मृगात पेरलेलं वाया गेलं आणि दुबार पेरणीला पैसा उरला नाही. घरातलं कुणी गेलं. मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. दारूनं घर उठलं. विदर्भातल्या खेड्यांत येशूच्या प्रार्थनेकडे नव्यानं वळणारी बरीचशी माणसं अशाच दिवसांत येतात. कुणी दवाखान्यात एखाद्या सिस्टरनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली म्हणून येतं, कुणी शेजारच्या घरातली गाणी ऐकून. आल्यावर प्रश्न ठरलेले असतात. कुठं बसायचं? काय बोलायचं? पैसे लागतात का? आपल्याला काही येत नाही, मग देव ऐकेल का? आमच्या मंडळीत, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या गटात, मी नव्या लोकांजवळ बसते आणि हे प्रश्न नेहमी ऐकते, म्हणून क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यंदा कापसाला भाव मिळेल, बोंडअळी येणार नाही, दुखणं महिनाभरात पळेल, अशी हमी ख्रिस्ती आशा देत नाही. तशी हमी कुणी देत असेल तर त्याच्यापासून चार पावलं लांब राहा. वधस्तंभावर मेलेल्या येशूला देवानं तिसऱ्या दिवशी उठवलं. सगळं संपलं असं जिथं सगळ्यांना वाटलं, तिथं देवाचं काम चालू होतं. तोच देव तुमच्या वाईट वर्षातही तुम्हाला सोडून जाणार नाही, हा भरवसा म्हणजे आमची आशा. नुसता विचार करत बसल्यानं हा भरवसा येत नाही. प्रार्थना करताना, गाताना, चार लोकांत बसताना तो हळूहळू अंगात मुरतो. मन लागेल तेव्हा सुरू करू, असं म्हणत थांबू नका. सुरू करा, मन मागून येईल.

पहिली पायरी: घरी, पाच मिनिटं

वेळ ठरवा आणि ती लहान ठेवा. कास्तकाराच्या घरात पहाट शेणगोठ्यात आणि डब्यात जाते, वेचणीच्या दिवसांत तर बायांना पाठ टेकायला सवड नसते. रोज जी सापडेल तीच तुमची वेळ: चूल पेटवण्याआधी, मोटर सुरू करून धुऱ्यावर बसल्यावर, नाही तर रात्री सगळे झोपल्यावर. हात जोडा, गुडघे टेका किंवा नुसते बसा. दिवा, उदबत्ती, फोटो काही लागत नाही. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा, असं येशूनं सांगितलं आहे. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बसायची सोय नसेल तर गोठ्यात जा, वावरात जा.

बोलायचं काय? जे खरं आहे ते. इथंच नवी माणसं अडतात. देवासमोर गोडच बोलायचं, रडगाणं गायचं नाही, असं त्यांना वाटतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्तोत्रसंहिता नावाचं पुस्तक आहे, त्यात १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी सरळसरळ तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र काढून बघा. फक्त सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत तो भक्त देवाला चार वेळा विचारतो: कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड फिरवणार? पुढच्या दोन ओव्यांत तो मागतो. शेवटच्या दोन ओव्यांत देवाच्या दयेवर भार टाकतो. आधी गाऱ्हाणं, मग मागणं, मग भरवसा. याच घडीवर तुमच्या शब्दांत प्रार्थना करता येते. ती अशी असेल:

‘देवा, कोठवर असं? दुबार पेरलं, तेही गेलं. बँकेचा माणूस येऊन गेला. लेकराच्या फीचं घरात कुणी तोंडातून काढत नाही. तू पाहतोस ना? मला रस्ता दाखव. निदान आजचा दिवस निभू दे. मागच्या साली माय दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तू होतास. आजही आहेस, असं धरून उठतो. येशूच्या नावानं मागतो. आमेन.’

मायची आठवण त्यात उगाच घातलेली नाही. देवानं आधी कधी सांभाळलं ते आठवून सांगणं, हा ख्रिस्ती प्रार्थनेचा जुना रिवाज आहे. आठवायला काहीच सापडलं नाही तर तेही देवाला सांगा. आणि शब्दच फुटले नाहीत तर गप्प बसा. काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हत विनंती करतो, असं संत पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितलं आहे. रडत बसलेल्या माणसाचीही प्रार्थना होते.

दुसरी पायरी: प्रभूची प्रार्थना पाठ करा

एका शिष्यानं येशूला म्हटलं, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. त्यानं जी शिकवली ती प्रभूची प्रार्थना. कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, गावातली घरगुती मंडळी असो की नागपूरचं मोठं चर्च, ती सगळीकडे म्हणतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी ऐकून एक-एक ओळ धरा, आठवड्यात पाठ होते.

सुरुवात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी आहे. ज्याचा बाप मारायचा, त्याला हे म्हणणं जड जातं. हे मला पुष्कळ बायांनी सांगितलं आहे. त्यांना मी एवढंच सांगते की तुम्ही बापाचं तुमच्या घरातलं रूप देवावर चढवू नका. येशू ज्याला बाप म्हणतो तो कसा आहे हे येशूकडे पाहून शिका, आणि तोवर नुसतं ‘देवा’ म्हटलंत तरी चालतं.

मग येतं: ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ त्यात वर्षभराचं मागणं नाही, आजचं आहे. कर्जाचा आकडा मनात घेऊन झोपणाऱ्या माणसाला ही ओळ फार सोसते, कारण ती त्याला आजच्यापुरतं मागायची मोकळीक देते. आणि ‘माझी’ असं कुठंच नाही, ‘आमची’ आहे. एकट्यानं म्हटली तरी तुमच्या तोंडून शेजाऱ्यासाठी मागणं होतं.

त्यापुढची ओळ ऋणाची आहे. आम्ही आपल्या ऋण्यांचं सोडलं, तसं तू आमचं सोड. ही म्हटल्यानं सोसायटीचं कर्ज माफ होत नाही. आपल्या पापांची ही गोष्ट आहे. पण ही ओळ म्हणून लगेच पुढं जाता येत नाही, कारण धुऱ्यावरून ज्या भावाशी पाच-सहा वर्षं बोलणं नाही तो डोळ्यापुढं उभा राहतो. एका दमात माफ करणं जमत नाही. ‘देवा, माझ्यानं होत नाही, तूच कर’ एवढं म्हणायला मात्र जमतं, आणि पुष्कळ घरांत समेट तिथूनच सुरू झालेला मी पाहिला आहे.

तिसरी पायरी: वाचा, नाही तर ऐका

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. नवे लोक उत्पत्ती जोमात वाचतात आणि पुढं लेवीयच्या नियमांत अडकून पुस्तक ठेवून देतात. मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या हकीकतीपासून, सुरुवात करा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं आहे. रोज अर्धा अध्याय पुरे. येशू कुणाच्या घरी जेवतो, कुणाला हात लावतो, कुणावर चिडतो, हे पाहत जा. त्याच्याबरोबर रोज एक स्तोत्र: २३, ४२, १२१, १३०.

एकशे तिसावं स्तोत्र आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांपेक्षाही माझा जीव प्रभूची जास्त वाट पाहतो, असं त्यात आहे. रानडुकरांपायी जागलीला जाणाऱ्याला ती वाट ठाऊक असते. मचाणावर बसून, हातात बॅटरी, मधूनच हाळी द्यायची. अंधार लवकर सरत नाही, पण सकाळ होणार याबद्दल शंका नसते. आमच्या इथल्या एका कास्तकारानं हे स्तोत्र जागलीतच पाठ केलं, कारण पेंग येऊ नये म्हणून काहीतरी मोठ्यानं म्हणावं लागतं.

वाचता येत नसेल तर मोबाइलवर मराठी पवित्र शास्त्र ऐकायला मिळतं. घरातल्या शाळकरी पोराला वाचायला लावा, त्यालाही गोडी लागते. आणि हे परक्या भाषेतलं पुस्तक आहे असं कुणी म्हणालं तर सांगा, मराठीत नवा करार, म्हणजे पवित्र शास्त्राचा येशूबद्दलचा भाग, छापला गेला त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली, १८११ साली.

चौथी पायरी: मंडळी शोधा

एकट्यानं प्रार्थना करून आशा फार दिवस टिकत नाही. ज्या दिवशी तुमच्यानं होत नाही, त्या दिवशी तुमच्या वाटची प्रार्थना करणारं कुणीतरी लागतं.

विदर्भात ख्रिस्ती मंडळ्या नव्या नाहीत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात १८४५ मध्ये आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. पुढं वऱ्हाडात अमरावती, अकोला, खामगावकडे अलायन्स मिशनच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत मंडळी सांभाळणाऱ्या पाळकांना शिकवणारी मोठी बायबल सेमिनरी होती, ती नंतर पुण्याला गेली. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलेलं मिशन हॉस्पिटल आहे. निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला. कॅथलिकांचे धर्मप्रांत नागपूर, अमरावती, चंद्रपूर इथं आहेत. शिवाय खेडोपाडी कुणाच्या तरी छपरीत, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या लहान मंडळ्या आहेतच.

तालुक्याच्या गावी मिशन कंपाउंड कुठं आहे म्हणून विचारा, ऑटोवाल्याला माहीत असतं. मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात विचारा. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकसाहेबांना भेटायचं, कॅथलिक चर्चमध्ये फादरांना. रविवारची वेळ आधी विचारून ठेवा, कारण हंगामात ती बदलते.

कुठं जाऊ नये हे मी जास्त ठासून सांगेन. प्रार्थनेचे पैसे मागतात, तेल किंवा पाणी विकतात, तिथं बसू नका. शुगरची, टीबीची, फिटची गोळी बंद करायला लावतात, तिथून तर लगेच उठा. देव डॉक्टरच्या हातूनही बरं करतो, आणि मिशनऱ्यांनी या भागात चर्चच्या जोडीला दवाखाने बांधले ते हेच मानून. व्यासपीठावरून गावातल्या दुसऱ्यांच्या श्रद्धेला शिव्या दिल्या जात असतील तर तिथं येशूचं शिकणं होणार नाही. तुमच्या दुःखाचा व्हिडिओ काढून ‘साक्ष’ म्हणून फिरवायला कुणी मागितलं तर नाही म्हणा. चांगल्या मंडळीची खूण साधी असते: तुम्ही दोन रविवार आला नाहीत तर कुणीतरी घरी येऊन विचारपूस करतं, आणि पाळकाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडलेला असतो.

पाचवी पायरी: पहिला रविवार

उपासना रविवारी असते, कारण येशू त्या दिवशी उठला. स्वच्छ, रोजचेच कपडे चालतात. चपला बाहेर निघालेल्या दिसल्या तर तुम्हीही काढा. खेड्यांत बहुधा सतरंजीवर एकीकडे बाया, एकीकडे माणसं बसतात. बाया डोक्यावर पदर घेतात. मागं बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं.

क्रम साधारण असा: सुरुवातीची प्रार्थना, गीत, पापांची कबुली, शास्त्रपाठ, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं), संदेश, सर्वांसाठी प्रार्थना, अर्पण, आशीर्वाद. दीड-दोन तास जातात. कॅथलिकांच्या मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, क्रम जास्त बांधीव असतो. अर्पणाची थैली समोर आली की पुढं सरकवली तरी चालते, पाहुण्यावर दान देण्याची सक्ती नसते. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा (पाण्यानं मंडळीत घेण्याचा विधी) झालेले लोकच घेतात. तेवढ्या वेळात जागेवर बसून राहा. तुम्हाला वगळलं असं मनात आणू नका, आमची लहान लेकरंही तशीच बसलेली असतात.

काही मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी सगळेच एकदम मोठ्यानं बोलू लागतात, कुणी रडतं. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. घाबरू नका, आणि आपल्यालाही तसंच झालं पाहिजे असंही मानू नका. गप्प बसणाऱ्याचं देवाला कमी ऐकू येत नाही.

गाण्यावर मात्र भर द्या. पेटी, तबला, टाळ, ढोलकी आणि आपल्या भजनाच्याच चाली कानावर पडतील. मराठी चर्चला ही गाणी देणाऱ्यांत नारायण वामन टिळक मोठे. ते काही काळ नागपुरात राहिले होते, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि अभंग-ओवीच्या वळणावर लिहिलेली त्यांची पदं आजही म्हटली जातात. आमच्या मंडळीत एक आजी आहे. अक्षर येत नाही. गीताचा नंबर पुकारला की तिच्या बोटानं मांडीवर ताल धरलेला असतो आणि पेटीवाला सूर शोधतो तोवर तिनं पहिली ओळ उचललेली असते. नवी बाई आली की ती तिला खेटून बसते आणि प्रत्येक ओळ किंचित आधी, हळू आवाजात, तिच्या कानात म्हणते. मग ती बाईही गाऊ लागते. मनातून विश्वास ठेवायला जे जमत नाही ते गाण्यात तोंडावर येतं, आणि दुसऱ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की एकटं वाटत नाही.

सहावी पायरी: विनंती सांगा

आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. तिथं ‘कुणाची विनंती आहे का?’ असं विचारतात. थोडक्यात सांगा: ‘नवऱ्याच्या पायाची जखम भरत नाही, शुगर आहे, गुरुवारी नागपूरला न्यायचं आहे.’ दिवस आणि गाव सांगितलं की फायदा होतो. गुरुवारी कुणीतरी आठवणीनं प्रार्थना करतं, एखादा सोबत यायला निघतो, कुणी डबा देतं. घरातलं झाकायचं असेल तर नुसतं ‘घरासाठी’ म्हणा. पुढच्या खेपेला काय झालं ते सांगा, बरं झालं नसेल तरी सांगा.

आशा येतच नसेल तर

पुष्कळ आठवडे प्रार्थना करूनही आत अंधारच राहतो, असं होतं. तुमचा विश्वास कमी आहे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचा, पवित्र शास्त्रातलं पहिले राजे हे पुस्तक, अध्याय १९. एवढा मोठा देवाचा माणूस, झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो. देवदूत उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून जेवायला घालतो. बोलणं त्यानंतर. म्हणून मी लोकांना सांगते, रात्रंदिवस उपास करत बसू नका, आधी जेवा, झोपा. जीव द्यायचे विचार येत असतील तर ते एकट्यानं घेऊन बसू नका: घरच्याला सांगा, पाळकाला सांगा, आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर फोन करा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ओसरीवरची फवारणीची बाटली घरच्यांनी कुलपात ठेवावी. डॉक्टरकडे जाणं आणि प्रार्थना करणं दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं.

पीक बुडालेल्या वर्षासाठी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट जवळ ठेवा. अंजिराला फूल नाही, वेलाला द्राक्ष नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात ढोरं नाहीत, असं एक-एक मोजून तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन. नुकसान मोजायला तो लाजत नाही. तुम्हीही आधी मोजा.

घर, गाव आणि बाप्तिस्मा

चोरून जाऊ नका. घरी सांगा, बोलणं होईल, होऊ द्या. येशूकडे वळलं म्हणून सासू-सासऱ्यांचा मान कमी करायचा नसतो, पोळ्याला शेजाऱ्याच्या बैलाचं कौतुक थांबवायचं नसतं, मयताला खांदा द्यायचा असतो. लोक तुमच्या बोलण्यापेक्षा तुमच्या वागण्यावरून ओळखतील. प्रत्येकाला आपल्या विवेकानं धर्म मानण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या कलम २५ नं दिलेलं आहे.

उपासनेला बसल्यानं तुमचं नाव कुठल्या रजिस्टरात चढत नाही. बाप्तिस्मा ही वेगळी, मोठी गोष्ट आहे आणि तिची घाई कुणी करू नये. चांगले पाळक आणि फादर आधी काही महिने शिकवतात, घरच्यांना भेटतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. ज्यांच्या घरात त्या सवलतींवर शिक्षण-नोकरी चालू आहे त्यांनी जाणत्या वकिलाला विचारून, सगळं समजून, उघडपणे पाऊल टाकावं. ही माहिती जो लपवतो तो तुमच्या भल्याचा नाही.

वर्षाचा क्रम

सण तुम्हाला हळूहळू कळतील. डिसेंबरात वेचणीच्या गर्दीत नाताळ येतो. माल घरी आला की हंगामाचा सण असतो: कुणी तुरीची पायली आणतं, कुणी कोहळं, कुणी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ज्याचं काहीच पिकलं नाही तो परसातल्या चार मिरच्या आणतो, त्याही पुकारल्या जातात. मग राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, नंतर येशूच्या मरणाचा शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर). हा रविवार दरवर्षी बदलतो, २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये पडतो, म्हणजे आपल्याकडे मोहफुलाच्या दिवसांत. त्या दिवशीची उपासना पुष्कळ मंडळ्यांत पहाटे असते, काही ठिकाणी थेट कब्रस्तानात, कारण येशूची रिकामी कबर बायांना पहाटेच दिसली. वर्षातली एकच उपासना गाठायची असेल तर ही गाठा. त्या वेळेला खेड्यातून एसटी नसते, तेव्हा आदल्या दिवशी मंडळीत कुणाच्या घरी उतरता येईल का ते विचारून ठेवा, आणि अंगावर घ्यायला शाल न्या.